नकाशातली खुर्ची

…आणि वर मलाच विचारतो हो, "नाना, तुमी आते कोन शेतस?" म्हणजे मी आत्ता कोण आहे! तुम्हाला सांगतो, पंचवीस वर्षं एसटीत कंट्रोलर म्हणून काढली, आग्रा रोडवरची एकेक गाडी मला नुसत्या आवाजावरून ओळखू यायची, धुळ्यात मला न ओळखणारा माणूस म्हणजे एक तर आंधळा नाही तर काल आलेला, आणि हा तोताराम, चंदन विलासचा वेटर, ज्यानं मला वीस वर्षं चहा पाजला, तो खुर्चीत रेलून मला विचारतो तुम्ही कोण! आणि तुम्हाला खोटं वाटेल, मी उत्तर दिलं. मी म्हणालो, "हिरवा." …हसता काय? तुमचं काय जातं हसायला, तुमचा चहा तुमच्यासमोर येतो. आधी ऐका, मग हसा.

तर चंदन विलास. सदुसष्ट सालापर्यंत हे हॉटेल कसं होतं, तर सरळ होतं. झुंबरलालशेठनं आपल्या आईच्या, चंदनबाईच्या नावानं काढलेलं, आग्रा रोडला लागून, दारातच भट्टी, भट्टीवर निंबा आचारी, कढईत मिरचीची भजी, आणि भज्यांचा वास असा रस्त्यावर, की सोनगीरकडून आलेल्या ट्रकवाल्याचा पाय आपोआप ब्रेकवर. आत सात टेबलं. गल्ल्यावर खुद्द शेठ. मागच्या मोरीत भांडी घासायला तानुबाई. आणि भट्टी न् टेबलं यांच्या बरोब्बर मध्ये चहापत्तीचं एक लाकडी खोकं, त्यावर तोताराम. झालं हॉटेल! खोक्यावर बसल्या बसल्या तोतारामला सातही टेबलं दिसायची, कुणाचा चहा संपला, कुणाला पाणी हवं, कोण नुसताच पंख्याखाली बसायला आलाय, सगळं. हाताला निंबा, पाठीला पाण्याचा माठ. मी दारात दिसलो की तो ओरडायचा, "नानास्ना कडक!" आणि मी बसेपर्यंत चहा. त्या खोक्यावर त्या माणसानं वीस वर्षं काढली, आणि वीस वर्षांत त्याचा उजवा गुडघा गेला, हे खरं. नुसती शिडी बघितली तरी तो गुडघा कुरकुरायचा. खोक्याला पाठ नाही ना टेकायला. तोतारामचं आयुष्यात एवढंच मागणं होतं, पाठीला टेकू असलेली एक खुर्ची. बाकी देवाबद्दल काही तक्रार नव्हती.

पण सुखाचा घास गिळवत नाही ना! शेठचा मुलगा निर्मलकुमार मुंबईहून परत आला. तिथं कुठल्याशा मोठ्या हॉटेलात सहा महिने राहून शिकून आला होता. काय शिकला? तर हॉटेल कसं आखायचं! आता मला सांगा, हॉटेल आखायचं काय असतं? चूल ठेवा, बाकडं टाका, गिऱ्हाईक येतं. पण नाही. हा मुलगा आठ दिवस हातात वही न् टेप घेऊन खोक्याशेजारी उभा. तोताराम उठला की हा मागे. तोताराम बसला की हा लिहितो. तोताराम मागच्या बाजूला जातो तरी हा मागे! शेवटी तोताराम कळवळून म्हणाला, "भाऊ, आठे तरी एकलं जाऊ द्या." नवव्या दिवशी निर्मलकुमारनं वही मिटली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "तोतारामकाका, एका कपामागे तुम्ही सदतीस पावलं चालता. सदतीस! आणि एकाच वाटेनं चहा जातो, त्याच वाटेनं उष्टं येतं, त्याच वाटेनं पाणी! हॉटेल आहे का बाजार? माणूस कोण, त्याचं काम काय, तो कुठून कुठे जातो, हे आधी ठरवायचं. भिंती नंतर!"

तोतारामला वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, की बाबा रे, तू किती चालतोस? त्याचे डोळे भरून आले. मला म्हणाला, "नाना, पोऱ्यानं मना गुडघाना इचार कया." भोळा हो, अगदी भोळा.

मग नकाशा आला. देवपूरच्या एका ड्राफ्ट्समनकडून काढून आणलेला, एवढा थोरला, दोघांनी दोन टोकं धरायची. आणि काय त्या रेघा! मध्ये बसायचा हॉल, मागे स्वयंपाकघर, आणि सगळ्याला वेढून एक बोळ. त्या बोळातून प्रत्येक कामाची वेगळी वाट, वेगळा रंग, वेगळं दार. चहा-नाश्ता नेणारा लाल. पाणी नेणारा निळा. टेबल पुसणारा हिरवा. उष्टी भांडी उचलणारा तपकिरी. आणि शेठ पडले जैन, तेव्हा कांदा-लसणाशिवायचं जैन जेवण वाढणारा पिवळा, त्याचं दारच निराळं. अशी अकरा कामं, अकरा रेघा, आणि एक रेघ दुसरीला कुठे म्हणून शिवत नाही. मी एसटीतला माणूस, मला वाटलं कोणी डेपोचा नकाशा चुकून इथं आणला. तोतारामनं मात्र रेघा पाहिल्याच नाहीत. त्याची नजर गेली हॉलच्या मधोमध. तिथं एक खुर्ची काढली होती. हातवाली. पाठीला टेकूवाली.

"हे कोन शे?" तोतारामनं बोट न टेकवता विचारलं.

"हा कॅप्टन," निर्मलकुमार म्हणाला. "यानं सगळ्यांवर नजर ठेवायची, कोणी काय करायचं ते सांगायचं, आणि जागेवरून हलायचं नाही. याच्या खांद्यावर पांढरा पंचा."

"नि तो कोन व्हई?"

"काका, तुम्हीच की!"

झालं! त्या दिवशी तोताराम घरी गेला तो चालत नाही, तरंगत. मंदाबाईला, त्याच्या बायकोला म्हणाला, "मना हाताखाल दहा मानसं राहतीन. मी खुर्चीवर." अकरा कामं, त्यातला कॅप्टन आपण, उरले दहा. हिशेब चुकला कुठे? तुम्हीच सांगा! नकाशात सगळं बरोबर होतं.

चार महिने हॉटेल बंद. चार महिने मी घरी चहा प्यालो, ते दु:ख निराळं. उघडलं तेव्हा बघतो तर काय, भट्टी गायब! निंबा गायब! भज्यांचा वास गायब! भिंतीत टीचभर खिडकी, त्यामागे निंबाचे नुसते हात दिसतात. बोळाच्या तोंडाशी खुंट्या, खुंट्यांवर रंगीत पंचे. निर्मलकुमारनं तिघांना उभं केलं… हो, तिघांनाच! शेठ म्हणाले होते, "बेटा, काम अकरा असू दे, माणसं आहेत तेवढीच राहतील." मग निर्मलकुमारनं कामं वाटली. निंबाला तीन. तानुबाईला दोन. आणि उरलेली सहा तोतारामला! लाल तोताराम, निळा तोताराम, हिरवा तोताराम, पिवळा तोताराम, गुलाबी तोताराम, गुलाबी म्हणजे बिल पोचवणारा… आणि रिकाम्या वेळात पांढरा तोताराम, कॅप्टन!

"सोपं आहे, काका. काम बदललं की पंचा बदलायचा. पंचा बदलला की वाट बदलायची. एका रंगाच्या माणसानं दुसऱ्याच्या रेघेवर पाय ठेवायचा नाही. महिनाभर पाळलंत तर खुर्ची तुमची कायमची. ओलांडलीत तर मात्र… मुंबईत माणसं पुष्कळ आहेत."

तोतारामनं खुर्चीकडे पाहिलं. नवीकोरी, शिसवी, टेकूवाली. आणि लाल पंचा खांद्यावर टाकला.

मी पहिलं गिऱ्हाईक. बसलो. वीस मिनिटांनी लाल दारातून तोताराम चहा घेऊन आला. मी म्हटलं, "तोताराम, जरा पाणी दे." माठ कुठे होता माहितेय? त्याच्या डाव्या कोपरापासून हातभर! नुसता वळला असता तर पेला भरला असता. पण तो वळला नाही. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "नाना, मी आते लाल शे. पानी निळा आनी."

"अरे पण निळा कोण?"

"मीच."

आणि गेला हो! उजव्या दारानं बाहेर, बोळातून स्वयंपाकघराला वळसा, खुंटीवर लाल पंचा टांगला, निळा घेतला, पुन्हा बोळ, डाव्या दारानं आत, माठापाशी, पाणी! द्राविडी प्राणायाम नुसता! मी मोजली पावलं. एकशे चौदा. तोवर चहावर साय धरली होती. आणि मी मेलो आश्चर्यानं, हातातला कप हिंदकळला, चहा टेबलावर. तोतारामनं सांडलेल्या चहाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. हिरवा पंचा बोळाच्या दुसऱ्या टोकाला होता. "नाना," तो एवढंच म्हणाला, "तुमी माले मारी टाकश्यात." आणि गेला पुन्हा. नकाशात मात्र सगळं बरोबर होतं!

बरं, एकट्या तोतारामचंच असं असतं तर गोष्ट वेगळी. भिंतीमागे निंबा वेडापिसा. पूर्वी तो गिऱ्हाइकाचं तोंड बघून फोडणी द्यायचा, ट्रकवाला असेल तर दोन मिरच्या जास्त, कचेरीतला साहेब असेल तर अर्धी. आता खिडकीतून त्याला दिसतो फक्त पंचा. ओरडायची बंदी, घंटी वाजवायची. तो खिडकीत तोंड घालून म्हणायचा, "माले गिऱ्हाईकनं तोंड दिसत नही, मंग तिखट कोनाकडे देखीसन टाकू?" तेव्हा तो निर्मलकुमारकडे बघून टाकायला लागला, आणि महिनाभर अख्ख्या धुळ्याची जीभ पोळली. तानुबाईची वाट तर गिऱ्हाइकाला दिसूच नये अशी आखलेली, भिंतीच्या मागून मागून. एकदा मोरीवर हात धुवायला गेलो तेव्हा मी तिला म्हटलं, "तानुबाई, तुम्हाला तर पार झाकूनच टाकलं." ती तवा घासता घासता म्हणाली, "माले काय फरक पडस? आधीबी माले कोन देखे?" मी परत टेबलावर आलो आणि चहा प्यालो.

महिनाभर हे चाललं. तोतारामचा गुडघा सुजून खरबुजाएवढा. खुर्ची मधोमध रिकामी. रिकामा वेळ म्हणजे पांढरा पंचा, पण रिकामा वेळ यायचा कुठून? दोनदा तो कॅप्टन झाला. एकदा टेकतो न टेकतो तोच कोणी ओरडलं, "पाणी!" दुसऱ्यांदा तर पांढऱ्या वाटेनं खुर्चीपर्यंत पोचलाच नाही. कितीदा तरी मी पाहिलं, बोळाच्या तोंडाशी सगळ्या खुंट्यांसमोर तो उभा असायचा, हातात काहीतरी, आणि खिडकीतल्या हातांना विचारायचा, "निंबा, मी आते कोन शे रे?" आणि निंबा आतून सांगायचा, "पिवळा शे तू, पिवळा! जाय!" हसू येतं, पण खरं सांगतो, मला त्याची फार कीव यायची. एवढ्या हाल-अपेष्टांत एकदाही त्यानं रेघ ओलांडली नाही. त्या खुर्चीसाठी. घरी मंदाबाई रोज विचारायची, "बठा का आज?" म्हणजे बसलास का, आणि हा रोज सांगायचा, "सकाय." म्हणजे उद्या.

आणि आला महिन्याचा शेवटचा दिवस.

त्याच दिवशी जळगावहून महावीरशेठ येणार. डाळीचे मोठे व्यापारी, शेठांचे जुने संबंधी, त्यांना जळगावात असंच हॉटेल बांधायचं होतं, निर्मलकुमारच्याच नकाशावरून. एकटे नाही आले. सगळं कुटुंब घेऊन, पंचवीस माणसं, आणि सगळ्यांच्या पुढे त्यांची आई झमकूबाई, पंच्याहत्तरीची, दिवसातून एकदाच जेवायचं व्रत, सकाळपासून पोटात फक्त उकळलेलं पाणी. गाडी बिघडली वाटेत, यायला झाला उशीर. हिवाळ्याचे दिवस. आणि जैन मंडळी, म्हणजे सूर्य मावळला की संपलं, अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही! पंचवीस माणसं हॉलमध्ये बसली तेव्हा ऊन भिंतीच्या पार वरच्या विटेवर गेलं होतं. अर्धा तास. फार तर अर्धा तास. मी कोपऱ्यात माझ्या टेबलावर, घड्याळ हातात. पंचवीस वर्षांत एकही गाडी मी एवढ्या काळजीनं सोडली नसेल.

निघाला तोताराम. पिवळा होऊन दोन ताटं आणली. एका सुनेनं पाणी मागितलं. गेला, निळा झाला, पाणी आणलं. एका पोराच्या हातून वाटी कलंडली. गेला, हिरवा झाला, पुसलं. पुन्हा पिवळा. दोन ताटं. बारा मिनिटं गेली आणि पंचवीसपैकी चार ताटं आली होती! भिंतीवरचं ऊन विटेच्या अर्ध्यावर. निर्मलकुमार नकाशा भिंतीला लावून महावीरशेठांना समजावतोय, "बघा, एक रेघ दुसरीला शिवत नाही!" महावीरशेठ नकाशाकडे एक डोळा, खिडकीतल्या सूर्याकडे एक डोळा. आणि झुंबरलालशेठ गल्ल्यावर खांबासारखे ताठ, कपाळाला घाम, दारी आलेला पाहुणा उपाशी जाणार, सात पिढ्यांना डाग लागणार!

तेवढ्यात झमकूबाई कडाडल्या, "अरे नकसो काईं देखो हो? सूरज देखो, सूरज!"

तोताराम त्या वेळी बोळाच्या तोंडाशी होता. मला दारातून स्पष्ट दिसत होता. सगळ्या खुंट्या समोर. त्यानं हात पुढे केला, पिवळ्याकडे, मग निळ्याकडे, मग थांबला. ओठ हलले. "मी आते कोन शे?" या वेळी निंबाला विचारलं नाही, स्वत:लाच विचारलं. आणि सावकाश, अगदी सावकाश, त्यानं पांढरा पंचा काढला, खांद्यावर टाकला, पांढऱ्या वाटेनं, एकही रेघ न ओलांडता, हॉलच्या मधोमध आला, आणि बसला खुर्चीत. टेकून!

"काका!" निर्मलकुमार किंचाळला. "आत्ता? उठा!"

"मी आते कॅप्टन शे," तोताराम म्हणाला. आवाज बारीक होता, खुर्चीचे हात त्यानं गच्च धरले होते, पण उठला नाही. "कॅप्टननी हालानं नही. नकाशामा लिखेल शे."

"अरे पण वाढणार कोण?"

तेव्हा तोतारामनं नकाशाकडे बोट केलं. नकाशात टेबलांभोवती काळे ठिपके होते. ते गिऱ्हाईक. "भाऊ, बठ्ठास्ले, सगळास्ले रेघ काढी तुमी. गिऱ्हाईकले रेघच नही. ज्याले रेघ नही, तो कोठेबी जाऊ शकस." आणि पंचवीस माणसांकडे वळून, हात जोडून, बसल्या बसल्या म्हणाला, "शेठजी, माफी करज्यात. बठ्ठा उठा. ताट ल्या. त्या दारमाईन आत जा, निंबा वाढी दी. पानी तठे शे. बेगी करा, दिन बुडी ऱ्हायना."

कोणी हालेना. पाहुण्यांनी उठून स्वत: वाढून घ्यायचं? व्यापारी घरच्या माणसांनी? शेठांनी डोळेच मिटले. पण झमकूबाई उठल्या! दिवसभराची भूक हो, ती काय मानपान बघते? ताट उचललं आणि तरातरा स्वयंपाकघरात. मागून सुना, मागून नातवंडं, सगळ्यात शेवटी स्वत: महावीरशेठ, रेशमी उपरणं सावरत, हातात ताट! निंबाला महिन्याभरानं माणसांची तोंडं दिसली. तो वेडाच झाला आनंदानं, तोंड बघून वाढतोय, बघून वाढतोय! आणि भिंतीवरून ऊन जायच्या आत पंचवीस ताटं रिकामी, वर चूळ भरून मोकळे. मी घड्याळ बघितलं. वेळेवर!

आता शेठ काय करणार? तोताराम अजून खुर्चीतच, चेहरा पांढऱ्या पंचासारखा. त्याला नक्की ठाऊक होतं, वीस वर्षांची नोकरी गेली. मला नंतर म्हणाला, "नाना, मी म्हनं, जाईच तर जाऊ दे. एक डाव टेकी ल्हिदं."

झमकूबाई पदरानं हात पुसत आल्या, थेट झुंबरलालशेठांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, जन्मात पहिल्यांदा हॉटेलात मनाला शंका न येता जेवले. का? तर चूल डोळ्यांनी पाहिली, कांद्याचं सालसुद्धा दिसलं नाही, मडकी पालथी घालून पाहिली, मग जेवले. असं हॉटेल हवं! महावीरशेठ म्हणाले, "निर्मलकुमार, जळगावला अस्संच पाहिजे."

आणि निर्मलकुमार, तुम्हाला सांगतो, डोळ्याचं पातं लवायच्या आत म्हणाला, "मुंबईत याला सेल्फ सर्व्हिस म्हणतात. मी शेवटी दाखवणारच होतो!"

तोतारामची खुर्ची पक्की झाली. त्या दिवशी घरी जाऊन त्यानं मंदाबाईला सांगितलं, "बठा." दोघं रडली म्हणे. मीही खूष झालो, पेढे मीच आणले. नकाशा नवा निघाला. पण तुमच्या लक्षात येतंय का, पेढे खाताना मी नवा नकाशा नीट बघितलाच नाही! आता काळ्या ठिपक्यांना रेघा आल्या होत्या. लाल, निळी, हिरवी, सगळ्या. पंचे खुंटीवर तसेच. गेली सात वर्षं मी चंदन विलासात शिरतो, लाल पंचा घेतो, बोळातून निंबाकडे जातो, चहा आणतो, तो ठेवून निळा होतो, पाणी आणतो, सांडलं तर हिरवा. आणि हॉलच्या मधोमध तोताराम, गुडघा खडखडीत बरा, टेकून बसलेला: "नाना, रेघवर पाय पडना तुमना!"

परवा जळगावला लग्नाला गेलो होतो. वाटेत कुणा हाशमभाईच्या हॉटेलात चहाला उतरलो. साधं हॉटेल, दारात भट्टी, आत बाकडी. चहा प्यालो, कप धुतला, शेजारच्या दोघांना पाणी दिलं, पाच टेबलं पुसली, आणि निघालो तर हाशमभाईनं दंड धरला. "चाचा, कहाँ काम करते थे?"

म्हटलं, "धुळ्याला. चंदन विलासला."

"कितने साल?"

"सात."

त्यानं मला वरून खालपर्यंत बघितलं. म्हणाला, "कल से आ जाओ."

…जावं म्हणतो. बसायला खुर्ची आहे का, तेवढं विचारून ठेवलंय.